नाशिकचा डेंग्यू : रुग्ण मोजायचे की अळ्या?

वालदेवीकाठ (धागाकर्ता)

पावसाळा अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. कुणाच्या तरी मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, "फॉगिंगवाल्यांना बोलवा" म्हणून कल्ला होतो, कुणाच्या तरी ओळखीनं गाडी येते, पार्किंगमध्ये धूर होतो, पोरं त्यामागे पळतात, ग्रुपवर अंगठे पडतात. दोन आठवड्यांनी बी विंगमध्ये पुढचा पेशंट.

मी काही डॉक्टर नाही. पाथर्डी फाट्याकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या कमिटीत आहे (दुसरं कुणी तयार होईना म्हणून). पण या भानगडीत डोकं घातल्यापासून माझं एक मत पक्कं झालंय, ते मांडतो. पटलं नाही तर सोलून काढा.

आपण सगळे रुग्णांचा आकडा बघून घाबरतो किंवा निवांत होतो. हा आकडा फार उशिरा येतो. जरा हिशोब करा. एडिसच्या (डेंग्यू पसरवणारा डास तो हा) अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. त्या मादीनं डेंग्यूच्या पेशंटला चावायचं, मग विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोचायला आणखी ८ ते १२ दिवस. मग ती तुम्हाला चावणार, त्यानंतर ४ ते १० दिवसांनी ताप. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात, पुढे रक्त, रिपोर्ट आणि मग यादीत नाव. म्हणजे आज पेपरात छापून आलेल्या आकड्याचं पाणी महिनाभर आधी कुणाच्या तरी कुंडीखालच्या ताटलीत साचलं होतं. आज धूर करून त्या ताटलीचं काय वाकडं होणार?

त्यापेक्षा अळ्या मोजाव्यात. आरोग्य खात्यात यासाठी तीन निर्देशांक वापरतात. समजा ४० घरं पाहिली आणि ६ घरांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक १५ टक्के. त्या ४० घरांत पाण्याची १६० भांडी तपासली (भांडी म्हणजे बादली, पिंप, ताटली, कूलर, सगळं आलं) आणि ८ दूषित निघाली, तर कंटेनर निर्देशांक ५ टक्के. आणि दर १०० घरांमागे दूषित भांडी किती, तो ब्रेटू निर्देशांक, इथे २०. ब्रेटू ५ च्या खाली असेल तर बरं आणि ५० च्या वर गेला तर धोक्याची घंटा, असा एक ठोकताळा आहे. तो मुळात पीतज्वरासाठी काढलेला, त्यामुळे डेंग्यूला जसाच्या तसा लावू नये. पण मागच्या आठवड्यापेक्षा आपण वर गेलो की खाली आलो, एवढं कळायला पुरतो.

आमच्याकडे काय सापडलं ते सांगतो, कारण तिथेच खरी गंमत आहे. सगळ्यांचा संशय मागच्या नाल्यावर होता. एडिस तिथे नव्हताच. तो सापडला जुन्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनी प्लांटच्या काचेच्या बाटलीत, चिमण्यांसाठी उन्हाळ्यात ठेवलेल्या आणि नंतर विसरलेल्या मातीच्या पसरटात, पार्किंगमध्ये कुणीतरी "राहू द्या, लागेल" म्हणून ठेवलेल्या टायरमध्ये आणि लिफ्टच्या खड्ड्यात. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी टॉर्चच्या उजेडात आधी स्वच्छ दिसलं. जरा वेळ उजेड धरून ठेवला तेव्हा सगळं पाणी वळवळायला लागलं. तिथून डास लिफ्टच्या पोकळीतून थेट वरच्या मजल्यापर्यंत जात असणार. आठव्या मजल्यावरची मंडळी "आमच्याकडे डास येतच नाहीत, ते खालच्यांना" म्हणायची, ती त्या दिवसापासून गप्प आहेत.

तर प्रश्न असा : शहरात आणखी कुठे सोसायटी पातळीवर असं मोजणं चालू आहे का? आणि कसं टिकवलंत? पहिल्या आठवड्यात सगळे येतात, तिसऱ्या आठवड्यात मी आणि वॉचमन.

खवचट_काकू

लेख आवडला, विदा दिलात हेही बरं केलंत. फॉगिंग म्हणजे लग्नातली आतषबाजी आहे. वरपक्षाला समाधान वाटलं पाहिजे, बाकी काही नाही. पण काय हो, ती आठव्या मजल्यावरची मंडळी गप्प बसली म्हणता, तो उपाय आमच्या सोसायटीला सांगा ना. डासांचं मग बघू.

पंचवटीतला_पम्या

फॉगिंगला सरसकट नावं ठेवणं पटत नाही राव. आमच्याकडे संध्याकाळी गोदाकाठी उभं राहवत नाही. पानवेली वाढल्या की डासांचे थवेच्या थवे. धूर केला की दोन दिवस तरी सुखाचे जातात. गोदावरीतल्या पानवेली काढा, डेंग्यू आपोआप जाईल.

निवृत्त_मलेरियावाला

धागा बघून राहवलं नाही. मी एका महापालिकेच्या मलेरिया विभागात सगळी नोकरी काढली, नाशिकच्या नाही.

पम्याभाऊ, तुम्ही म्हणता ते डास वेगळे. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारे, घाण पाण्यातले ते क्युलेक्स. नासर्डी, वाघाडी या नद्या, तुंबलेली गटारं, शौचालयाच्या टाक्या ही त्यांची घरं. पानवेलीच्या मुळांना चिकटून वाढणारा मॅन्सोनिया आणखी निराळा. क्युलेक्समुळे हत्तीरोग होऊ शकतो, झोपेचं खोबरं तर होतंच, पण डेंग्यू नाही. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. पायाच्या घोट्याशी येतो, आवाज फारसा करत नाही. अंगावर पांढरे पट्टे. साधारण शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे तुम्हाला डेंग्यू झाला तर तो डास नदीवरून आलेला नसतो, तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घरातला असतो. लोकांची तक्रार क्युलेक्सची असते आणि आजार एडिसचा. तक्रारींवर कामं लावली की सगळी माणसं नाल्यावर पाठवली जातात आणि एडिस घरात मजेत.

पानवेली काढायलाच हव्यात, त्याबद्दल दुमत नाही. फक्त त्या काढून डेंग्यू जाणार नाही.

अळी ओळखायची तर पांढऱ्या वाडग्यात थोडं पाणी घ्या. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी मलेरियाच्या ॲनॉफेलिसची. डोकं खाली, शेपटीकडची श्वासनळी वर करून तिरकी लटकणारी क्युलेक्स किंवा एडिस. त्यात श्वासनळी आखूड आणि जाड असली, सावली पडताच नागमोडी वळत तळाशी गेली आणि वर यायला वेळ लावला, तर एडिस धरा. स्वल्पविरामासारखे काळसर गोळे उड्या मारताना दिसले तर ते कोष. कोष दिसला तर उद्या-परवा डास उडणार. आम्ही अळीपेक्षा कोष बघून जास्त घाबरायचो, कारण अळ्यांतल्या पुष्कळशा मरतात, कोषातले बहुतेक उडतात.

आणि एक कृपा करा. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायचा "कोरडा दिवस" म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे. एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी अंडी कडेला तशीच. वाळली तरी काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून पिंपाची आतली कड काथ्यानं किंवा ब्रशनं खसाखसा घासायची. सगळ्या भाषणातलं हे एकच वाक्य लोकांनी पाळलं असतं तर आमची निम्मी वणवण वाचली असती.

सिडकोकर

काका, दंडवत. घासण्याचं माहीतच नव्हतं. आम्ही दर शनिवारी ड्रम पालथा घालून खूश होतो.

सिडकोत अडचण अशी की पाणी एकवेळ, तेही दाब बरा असेल तर. लोक साठवणारच. जिन्याखाली सिमेंटच्या टाक्या आहेत, त्यांना झाकण नाही, असलं तर अर्धं तुटलेलं. शिवाय तपासणीला आरोग्यसेविका येतात त्या सकाळी दहा-अकराला. त्या वेळी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत दोघंही कामाला गेलेली, घराला कुलूप. "घर बंद" असा शेरा पडतो. सगळ्यात जास्त भरलेली भांडी त्याच घरांत.

ओढ्याचा_वाडेकरी

जुन्या नाशकात वाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. पाच भाऊ, पाच वाटण्या, मधला भाग कोर्टात. तिथे कुणी राहत नाही, पण हौद आहे, रांजण आहेत, छपराच्या पन्हाळीत पालापाचोळा अडकून पाणी साचतं. भाडेकरू म्हणतो मालकाचं काम, मालक पुण्याला. आम्ही गल्लीतल्यांनी शेवटी त्या हौदात गप्पी मासे सोडले. चालतंय बऱ्यापैकी. पण रांजणाला काय करायचं?

निवृत्त_मलेरियावाला

रांजण पालथा. दुसरं काही नाही. वापरात असेल तर तोंडाला जाड सुती कापड घट्ट बांधा आणि आठवड्याला आतून घासा.

गप्पी हौदाला, वापर नसलेल्या विहिरीला, शोभेच्या कारंज्याला छान. पण ते बाहेरदेशीचे मासे आहेत, नदी-ओढ्यात सोडू नका, तिथल्या माशांवर गदा येते. हौदात सोडलेत तर वरून जंतुनाशक किंवा ब्लीचिंग ओतू नका, मासे मरतील आणि तुम्ही म्हणाल मासे काही कामाचे नाहीत. अबेट (टेमेफॉस हे अळ्या मारायचं औषध) मात्र स्वतःच्या अंदाजानं टाकू नका, ते पाण्याच्या मापानं टाकावं लागतं. ते काम कर्मचाऱ्यांवर सोडा.

आणि शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. नायलॉनचा तुकडा आणि सुतळी, एवढंच लागतं. क्युलेक्सचा त्रास निम्मा कमी होईल.

स्लाइडवाला_डॉक

पॅथॉलॉजीत काम करतो, म्हणून लिहितो. धागाकर्त्याचं बरंचसं बरोबर आहे, पण "रुग्ण मोजणं उशिराचं" म्हणून ते बाजूला टाकणं मान्य नाही.

आधी चाचण्यांचा घोळ. खाजगीत बहुतेक ठिकाणी रॅपिड कार्ड (झटपट चाचणी) वापरतात. सरकारी यादीत पक्का रुग्ण म्हणून धरतात तो प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीवर. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ प्रतिजन एलायझा, त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची मॅक-एलायझा. सरकारच्या सेंटिनल (देखरेखीसाठी नेमलेल्या) प्रयोगशाळांना मॅक-एलायझाचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात. कार्डावर पॉझिटिव्ह आलेला पेशंट "संशयित" राहतो, त्याचं रक्त पुढे गेलंच नाही तर तो सरकारी आकड्यात येतच नाही. म्हणून ग्रुपवर वीस पॉझिटिव्ह आणि पेपरात चार, असा फरक दिसतो. प्रत्येक वेळी कुणी लपवतंय असं नसतं. अर्थात खाजगी लॅबनं संशयिताची माहिती वेळेवर कळवली नाही, तर तो दोष सरळ आमचा.

आता मुद्दा. रुग्णाचा उपयोग आकडा म्हणून कमी आणि पत्ता म्हणून जास्त. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत, साधारण पाच दिवस, त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात त्याला चावलेली मादी पुढचे रुग्ण बनवणार. म्हणून पत्ता कळला की त्या घरात आणि आजूबाजूच्या पन्नासेक घरांत आत पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी, भांडी रिकामी करणं आणि आणखी कुणाला ताप आहे का हे विचारणं, हे दोन-तीन दिवसांत झालं तर साखळी तुटू शकते. रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा, हे कुणी सांगतच नाही. आणि पत्ता कुठला, तेही विचारा. घर इंदिरानगरला, पण दिवसभर क्लासमध्ये किंवा कंपनीत. एडिस दिवसा चावतो, तेव्हा संसर्ग कुठे झाला हे घराच्या पत्त्यावरून नेहमीच कळत नाही.

घर निर्देशांक आणि रुग्णसंख्या यांचं नातं अभ्यासांत बरंच ढिलं निघालंय, हेही सांगतो. निर्देशांक कमी असूनही उद्रेक झालेत. तेव्हा अळ्या मोजा, पण त्यावर विसंबून तापाकडे डोळेझाक नको.

जाता जाता : प्लेटलेट्सचा धसका सोडा. जास्त धोका असतो तो ताप उतरताना, चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास, रक्तातलं द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं काही दिसलं की लगेच दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल. ब्रुफेन, ॲस्पिरिन मनानं घेऊ नका.

खवचट_काकू

डॉक्टर, पपईच्या पानांचा रस राहिला. आता बघा शंभर प्रतिसाद होतात.

स्लाइडवाला_डॉक

काकू, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिकडे येणार नाही. :)

वालदेवीकाठ

डॉक, पत्त्याचा मुद्दा एकदम मान्य. आमच्या तक्त्यात एक रकाना वाढवतो : ताप आलेला माणूस दिवसा कुठे असतो. नाव नाही लिहिणार, फक्त विंग आणि दिवसाचं ठिकाण. आजारी माणसाचं नाव ग्रुपवर फिरलं की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही, हे बघितलंय.

साइट_सुपरवायझर

बांधकामवाल्यांवर कुणी आलं नाही अजून, मीच येतो. स्लॅब टाकला की क्युअरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायला) वर वाळू-सिमेंटची आळी, म्हणजे छोटे बांध, करून पाणी भरून ठेवतो, निदान आठवडाभर. आता आठ-दहा दिवसांत डास होतो म्हणताय, तर आम्ही डासांसाठी तलाव बांधतोय म्हणायचं. पाणी काढता येत नाही, स्लॅबला तडे जातील. आमच्या मोठ्या साहेबांचं उत्तर एकच : "फवारणीवाला येतो ना?" तो येतो, सही घेतो, जातो. यावर काही करता येईल का?

आणि सिंहस्थाची कामं आहेत शहरात. रस्ते खोदलेले, पाइप उघडे पडलेले, मजुरांच्या झोपड्यांबाहेर निळे ड्रम. २०२७ ला अख्खा देश इथे येणार.

निवृत्त_मलेरियावाला

क्युअरिंगला गोणपाट किंवा जाड कापड अंथरून ते ओलं ठेवता येतं, तुमच्या इंजिनिअरला विचारा. कॉलमला तर तुम्ही गोणपाटच गुंडाळता. आळी करायचीच असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी पूर्ण काढून, स्लॅब ओला आहे तोवर लगेच नवं भरायचं. अळ्या निचऱ्यात मरतात. साचलेल्या खड्ड्यात आणि लिफ्टच्या खड्ड्यात बीटीआय नावाच्या जिवाणूची पावडर टाकतात, ती अळ्यांना मारते, माणसाला आणि माशाला त्रास नाही.

मजुरांकडे जास्त लक्ष द्या. ती माणसं लांबून येतात, काही मलेरियाच्या पट्ट्यातून. शहरी मलेरियाचा डास ॲनॉफेलिस स्टीफन्सी, त्यालाही टाक्या आणि बांधकामाचं स्वच्छ पाणीच आवडतं. अंगात मलेरिया घेऊन आलेला एक माणूस आणि उघडी टाकी, एवढ्यावर भागतं. ताप आलेल्या मजुराच्या बोटातून रक्त काढून स्लाइड करायला पाच मिनिटं लागतात, पण ठेकेदार हजेरी बुडेल म्हणून पाठवत नाही.

मलेरियाचा इतिहास बघा. १९५३ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ ला त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं, १९६५ च्या सुमारास वर्षाला लाखभर रुग्णांवर आला. सगळे म्हणाले संपला. देखरेख सैलावली, डीडीटीला डास दाद देईनात, शहरांकडे दुर्लक्ष झालं आणि १९७६ ला आकडा ६४ लाखांवर गेला. आमचे सिनियर हे आकडे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

मालेगावचा_माणूस

जिल्ह्यातलंच उदाहरण हवं असेल तर २००६ चा चिकुनगुन्या आठवा, तोही एडिसचाच आजार. त्याआधी राज्यातला मोठा उद्रेक म्हणजे १९७३ चा बार्शीचा. मग तीसेक वर्षं शुकशुकाट. डॉक्टरसुद्धा नाव विसरले होते. २००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकट्या मालेगावात दोन हजारांवर रुग्ण. पावसाळा नव्हता हे लक्षात घ्या! साठवलेलं पाणी होतं. आमच्याकडे तेव्हा पाण्याची बोंब, घरोघरी पिंपं. यंत्रमागावर उभं राहणाऱ्या माणसाचे सांधे धरले तर घर कसं चालणार? काहींचं दुखणं महिनोन्महिने गेलं नाही. तेव्हा "पावसाळ्यापुरती मोहीम" ही कल्पनाच चुकीची आहे.

निफाडकर

वाचनमात्र होतो, एक शंका. बागेसाठी शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. घर तिथून जवळच. त्यात एडिस होतो का?

निवृत्त_मलेरियावाला

मोठ्या उघड्या तळ्यात एडिस सहसा नसतो. तो लहान, सावलीतल्या, माणसाच्या जवळच्या भांड्यांचा. तुमच्याकडे औषध कालवायचे ड्रम, फवारणीच्या ब्लोअरची टाकी, शेडमागचे रिकामे क्रेट आणि डबे बघा. तळ्यावर पसरून ठेवलेल्या प्लास्टिकच्या जादा कागदाच्या घड्यांत पाणी साचतं, तेही बघा.

पंचवटीतला_पम्या

ठीक आहे, नदीचा मुद्दा मागे घेतो. पण तिकडे इंडोनेशियात डासांनाच जिवाणू टोचून सोडले म्हणे, डेंग्यू कमी झाला. आपल्याकडे का नाही? ब्रश घेऊन पिंपं घासत बसायचं किती दिवस?

स्लाइडवाला_डॉक

त्या जिवाणूचं नाव वोल्बाकिया. इंडोनेशियाच्या योग्याकार्ता शहरातल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणू टोचत नाहीत फक्त. प्रयोगशाळेत तो एडिसच्या अंड्यात घालून अशा डासांची पैदास करतात, मग मादीकडून पिलांत तो आपोआप जातो आणि डासाच्या अंगात विषाणू नीट वाढत नाही. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनं असे भारतीय डास तयार केलेत. शहरात सोडायला परवानग्या लागतात आणि लोकांचा विश्वास लागतो. "पालिका डास सोडतेय" हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर कसा फिरेल, कल्पना करा.

सिडकोकर

आमच्या गल्लीत ओव्हिट्रॅप लावून बघितले. काळ्या डब्यात निम्मं पाणी, आत खरखरीत कागदाची पट्टी, डबा जिन्याखाली सावलीत. मादी पट्टीवर अंडी घालते, दर आठवड्याला पट्टी काढून बघायची. घराला कुलूप असलं तरी अडत नाही, डबा बाहेरच असतो. धागाकर्त्यांना टिकवायचं कसं हा प्रश्न होता, तर हे काम आठवी-नववीच्या पोरांना दिलं. त्यांच्यात कुणाच्या डब्यात जास्त यावरून पैजा लागल्यात, त्यामुळे एकही आठवडा चुकत नाही. मोठ्यांना दिलं असतं तर बंद पडलं असतं.

काका, एक विचारायचं होतं. पट्टीवर काळे ठिपके येतात, पण अंडी कुठली आणि धूळ कुठली यावरून पोरांची भांडणं होतात. आणि पट्ट्यांचं नंतर काय करायचं?

निवृत्त_मलेरियावाला

शाळेतलं भिंग पुरेल. एडिसचं अंडं लांबट असतं, दोन्ही टोकांना निमुळतं, काळं आणि चकचकीत, मिलिमीटरहून लहान. पाण्याच्या रेषेजवळ पट्ट्यासारखी बरीच असतात, पण एकमेकांना चिकटलेली नाहीत, सुटी सुटी. धूळ बोटानं सहज निघते, अंडं घट्ट बसलेलं असतं. अगदी नवीन असेल तर पांढुरकंही दिसेल, काही तासांत काळं होतं.

पट्टी कचऱ्यात टाकू नका, वाळलेली अंडी पाऊस लागला की फुटतील. उकळत्या पाण्यात घालून मग टाका. डबा दर आठवड्याला घासायचाच, एकही आठवडा सोडायचा नाही. नाहीतर तुम्हीच डासांचा कारखाना काढलात असं होईल. कोणता डबा कुठे ठेवलाय त्याची यादी एका मोठ्या माणसाकडे असू द्या. परीक्षा सुरू झाल्या की पोरं येणार नाहीत, त्याच्या आधी सगळे डबे गोळा करून ठेवा.

सिडकोकर

यादी वहीत नाही, जिन्याच्या भिंतीवर खडूनं आहे. आज उतरवून घेतो.